सदरा घेतला, वही राहिली

कोलकात्याच्या विवेकानंद युवभारती क्रीडांगणात १३ डिसेंबर २०२५ रोजी जे घडले, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार लिओनेल मेस्सी त्या दिवशी तेथे आला होता. हजारो रुपयांची तिकिटे काढून आलेली मंडळी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घालून वाट पाहत बसली होती. पाहुणे मैदानात उतरले आणि त्यांच्याभोवती मंत्री, अधिकारी, आयोजक व त्यांचे आप्तेष्ट यांचे असे कोंडाळे पडले की, पैसे भरलेल्या प्रेक्षकास पाहुण्यांची सावलीही दिसेना. सुमारे वीस मिनिटांत पाहुणे निघून गेले. मग बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या, लोक कठडे ओलांडून मैदानात शिरले. आयोजकास अटक झाली, मुख्यमंत्र्यांनी जाहीर क्षमा मागितली, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि क्रीडामंत्र्यांना आपले खाते सोडावे लागले.

यात आयोजकांचा दोष होता हे सांगावयास वकील लागत नाही. तिकीट हा करार होय. पैसे घेऊन दर्शन न घडविणे हा करारभंग होय, आणि त्याची दाद ग्राहक संरक्षण कायद्याखाली मागता येते. ती खुर्ची मोडून मिळत नाही; कारण खुर्ची आयोजकाची नसते, सार्वजनिक असते, म्हणजे मोडणाराचीच असते. परंतु हा भाग आम्ही येथेच सोडून देतो. आम्हांस पडलेला प्रश्न निराळा आहे. त्या दिवशी जी माणसे रडली आणि चवताळली, त्यांची तक्रार केवळ पैशांची नव्हती. ‘आमचा माणूस आमच्या गावी आला आणि आम्हांस दिसला नाही,’ ही ती तक्रार होती. यातील ‘आमचा’ हा शब्द आम्ही तपासावयास घेतला आहे. तो कोणत्या हक्काने उच्चारला जातो, आणि त्या हक्काबरोबर येणारे कर्तव्य कोणी पार पाडतो काय, एवढाच या लेखाचा विषय.

कोलकात्याच्या भानगडीत बदनावरच्या वकिलाने का पडावे, असे कोणी विचारील. धार आणि रतलाम यांच्या मधले हे आमचे तालुक्याचे गाव. बैजनाथ महादेवाचे परमारकालीन मंदिर आणि कापसाची काळी जमीन हीच त्याची जुनी ओळख. परंतु विश्वचषकाच्या दिवसांत अर्जेंटिना व ब्राझिल यांचे सदरे येथील बाजारातही टांगलेले दिसतात. मुले मध्यरात्र उलटेपर्यंत जागतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच बाकावरील दोन मित्र एकमेकांशी बोलेनासे होतात. तिकडे कोल्हापुरास पेठापेठांतून दोन्ही देशांचे झेंडे आणि खेळाडूंच्या पुरुष-दीड पुरुष उंचीच्या प्रतिमा उभ्या राहतात. गोव्यात तर घराघरांत दोन तट पडतात. यास्तव हा प्रश्न कोलकात्याचा नाही. जेथे जेथे मराठी-कोंकणी माणूस दूरदर्शनपुढे बसतो, तेथचा तेथचा तो आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू त्याच्याहूनही चांगली मांडू. दूरच्यावर प्रेम करणे हा काही गुन्हा नव्हे, आणि दक्षिण अमेरिकेवरील आपल्या लोकांचे प्रेम निष्कारणही नाही. २४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ब्राझिलचा पेले आपल्या न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून खेळला आणि मोहन बागानने त्या संघाशी २-२ अशी बरोबरी केली. त्यानंतर नऊ वर्षांनी, २२ जून १९८६ रोजी, मेक्सिकोत डिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध दोन गोल केले. एक हाताने, दुसरा अर्धे मैदान एकट्याने पार करून. फॉकलंडच्या युद्धास तेव्हा चारच वर्षे झाली होती. आपल्याकडे घरोघरी दूरदर्शन-संच येण्याचा तोच काळ. ज्यांच्या वाडवडिलांनी इंग्रजांचे राज्य सोसले होते, त्यांनी एका ठेंगण्या, सावळ्या, गरीब वस्तीत वाढलेल्या पोराने इंग्रजांना चकवलेले डोळ्यांनी पाहिले. ते मन त्या संघास चिकटले यात नवल कसले? गोव्याचे नाते तर याहून जुने. ब्राझिलवर आणि गोव्यावर एकाच पोर्तुगालचे राज्य होते. गोव्याच्या डोंगरउतारावरील काजूही पोर्तुगीजांनी ब्राझिलहूनच आणला. तेव्हा, ‘तुम्हांस ब्राझिलशी काय करावयाचे आहे?’ असा उद्धट प्रश्न आम्ही कोणास विचारणार नाही.

दूरच्या निष्ठेची थट्टा तर आम्ही मुळीच करणार नाही, कारण आम्ही स्वतः तिच्यावरच जगलेले लोक आहोत. मालव्यातील मराठी घराणी अठराव्या शतकात पवार, होळकर, शिंदे यांच्या फौजांबरोबर इकडे आली. माणसे धार-देवासास राहिली; कुलदैवत जेजुरीस, तुळजापुरास, कोल्हापुरास राहिले. आज इतक्या पिढ्यांनंतरही लग्न झाले की नवे जोडपे शेकडो मैलांचा प्रवास करून तेथे जाते. या मासिकाच्या अनेक वाचकांची कथा याहूनही जुनी आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली; भक्तगण कारवार, मंगळूर, थेट कोचीपर्यंत पांगला. परंतु देव आणि भक्त यांची फारकत झाली नाही.

ती का झाली नाही? कारण त्या निष्ठेस खर्च होता. नुसते ‘आमचा मंगेश’ म्हणून भागत नव्हते. महाजनांच्या वहीत नाव असावे लागे; उत्सवाचा वाटा उचलावा लागे; पालखीस खांदा द्यावा लागे; दीपमाळेचे तेल कोणी घालावयाचे, यात्रेकरूंच्या पंगती कोणी वाढावयाच्या, हे घराण्यांनी वाटून घेतलेले असे. आणि ज्याचे नाव वहीत नाही, त्यास देवस्थानाच्या सभेत मत नाही, हा नियम गोव्यातील देवस्थानांत लहान मुलासही ठाऊक असतो. दर्शन सर्वांस खुले. सभेत बोलण्याचा अधिकार मात्र वहीतील नावास. आमच्या मते निष्ठेची सगळी मीमांसा या एका व्यवस्थेत आली आहे. जी निष्ठा काही मागत नाही ती निष्ठा नव्हे; ती करमणूक होय. करमणुकीसही आमचा विरोध नाही. परंतु करमणुकीस निष्ठेचा राग शोभत नाही.

आता या कसोटीवर अर्जेंटिनाचा बदनावरी, कोल्हापुरी किंवा मडगांवकर भक्त घासून पाहू. त्याच्या दैवताने त्याच्याकडे काय मागितले? एक सदरा. तोही पुष्कळदा तिरुप्पूर-लुधियान्याकडच्या बिनमुद्रेच्या कापडाचा. त्या संघाच्या सभेत त्यास मत नाही, त्याच्या हिशेबात त्याचा पैसा नाही, त्याच्या पराभवात त्याची चूक नाही आणि त्याच्या विजयात त्याचा घाम नाही. न्यायालयात एखादा इसम दुसऱ्याच्या दाव्यात उठून तावातावाने बोलू लागला, तर न्यायाधीश प्रथम विचारतात, ‘आपण पक्षकार आहात की वकील?’ पक्षकार नाही, वकीलपत्रही नाही, असे उत्तर आले की त्यास बाहेरच्या बाकावर बसवितात. तेथे बसून ऐकण्यास कोणाची हरकत नसते.

आमचे समर्थक बाहेरच्या बाकावर बसून ऐकत नाहीत. ते बाकावरच मारामारी करतात. शेजारच्या बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया जिल्ह्यात २०२१ साली कोपा अमेरिका स्पर्धेच्या अंतिम सामन्यापूर्वी ब्राझिलवाले व अर्जेंटिनावाले यांची हाणामारी झाली आणि पोलिसांना बंदोबस्त ठेवावा लागला. सामना होता रिओच्या माराकाना मैदानावर. डोकी फुटली मेघनेच्या काठी. ज्या अकरा-अकरांच्या नावाने ती फुटली, त्यांना त्या गावाचे नाव नकाशावर दाखविता आले नसते. केरळात २०२२ साली कोळिकोडजवळच्या पुल्लावूर येथे नदीपात्रात मेस्सीची तीस फुटी प्रतिमा उभी राहिली. लगेच तिच्या उरावर नेमारची चाळीस फुटी. प्रवाहास अडथळा होतो म्हणून एका वकिलाने पंचायतीकडे तक्रारही केली. लोकांनी त्या वकिलास हसून घेतले. परंतु आमच्या मते त्या सबंध प्रकरणात नदीचा विचार करणारा तो एकटाच निघाला.

यावर कोणी म्हणतील, ‘अहो, ही तर प्रेमाची चढाओढ. दक्षिण अमेरिकेत याहून किती जोर असतो!’ होय, असतो. तो जोर कसा असतो ते पाहावे. १९५० साली माराकानावर उरुग्वेने ब्राझिलला २-१ असे हरविले. पराभवाचे सारे खापर बार्बोसा या गोलरक्षकावर फोडण्यात आले, आणि २००० साली मरेपर्यंत त्या गरिबाची त्यातून सुटका झाली नाही. १९९४ साली कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध चुकून आपल्याच जाळ्यात चेंडू गेला. दहा दिवसांनी, २ जुलै रोजी, मेडेलिन शहरात त्यास गोळ्या घालून ठार मारण्यात आले. १९७८ साली अर्जेंटिनाने आपल्या भूमीवर विश्वचषक जिंकला, तेव्हा राज्य लष्करशहांचे होते, आणि जयघोषाने दणाणणाऱ्या त्या मैदानापासून जवळच नौदलाच्या शाळेत राजकीय बंद्यांचा छळ चालला होता. अर्जेंटिनात २०१३ साली एका प्रेक्षकाचा मृत्यू झाल्यावर पुढे अनेक वर्षे पाहुण्या संघाच्या समर्थकांना साखळी सामन्यांच्या मैदानात प्रवेशच बंद होता. आणि २१ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच माराकानावर ब्राझिल-अर्जेंटिना सामन्यापूर्वी प्रेक्षकांत मारामारी झाली, पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि मेस्सी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन मैदानाबाहेर गेला. सामना सुमारे अर्धा तास उशिरा सुरू झाला. ज्यांना या दाव्यात खरेखुरे वकीलपत्र आहे, त्यांच्या घरी रागाने एवढा अनर्थ केला आहे. तोच राग आपण उधारीवर का आणावा? शेजाऱ्याच्या घरची सवत आपल्या घरी नांदावयास आणण्याचा हा प्रकार झाला.

वस्तुतः दक्षिण अमेरिकेकडून घेण्यासारखे काही असेल, तर ते निराळेच आहे, आणि ते कोणी घेतलेले दिसत नाही. अर्जेंटिनातील फुटबॉल मंडळे ही कोणा धनिकाची मालमत्ता नसतात. बोका ज्युनिअर्स असो की रिव्हर प्लेट, ती सभासदांची संस्था असते. सामान्य माणूस वर्गणी भरतो, वहीत नाव लावतो, आणि निवडणुकीत मत देऊन मंडळाचा अध्यक्ष ठरवितो. बाप मुलाचे नाव लहानपणीच त्या वहीत घालतो. त्या मंडळांत केवळ फुटबॉल नसतो. वस्तीतील पोरांसाठी पोहण्याचे तलाव असतात, इतर खेळ असतात, कोठे शाळाही असते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील नव्या अध्यक्षांनी फर्मान काढून मंडळांना व्यापारी कंपन्या होण्याची वाट मोकळी केली, तेव्हा फुटबॉल महासंघ आणि बहुतेक मंडळे विरोधास उभी राहिली. कारण त्या लोकांना ठाऊक होते की, वही गेली म्हणजे मत गेले, आणि मत गेले म्हणजे ‘आमचा’ हा शब्द गेला. वाचकहो, हे आपल्या महाजनांच्या वहीहून फार निराळे आहे काय? मेस्सी ज्या झाडाचे फळ, त्या झाडाचे मूळ या वहीत आहे. आपण फळाचे चित्र छातीवर छापून घेतले. मूळ पाहिले नाही. सदरा घेतला, वही राहिली.

आता आपल्या घरची वही उघडू. गोव्यातील मडगांवच्या फातोर्डा मैदानाचेच दोन दिवस घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे भारताचा राष्ट्रीय संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपणांस बंद झाले. आठ दिवसांनी, २२ ऑक्टोबर रोजी, त्याच मैदानावर एफ. सी. गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नस्र यांचा सामना झाला. पहिल्या दिवसाचे दुःख किती जणांनी केले? दुसऱ्या सामन्यापूर्वी आणि नंतर मात्र गावभर एकच हळहळ होती: पोर्तुगालचा रोनाल्डो आला नाही. त्या सामन्यात गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने अल नस्रसारख्या धनाढ्य संघाच्या जाळ्यात चेंडू मारला. गोवा हरला तो एकाच गोलाने, १-२. घरच्या पोराने जे केले ते झाकले गेले आणि न आलेल्या पाहुण्याची चर्चा झाली. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ ही म्हण आपल्या लोकांनी येथे पार उलटी करून टाकली आहे.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात थायलंडमधील चियांग माई येथे भारताच्या महिला संघाने यजमानांना २-१ असे हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळविला. पात्रता फेरी खेळून असे स्थान मिळविण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर हिने केले. कोलकात्याच्या भिंतीभिंतींवर ज्यांची चित्रे असतात त्यांत संगीताचे चित्र किती ठिकाणी निघाले, हे तेथील रसिकांनी आपल्या मनाशीच ठरवावे. आणि डिसेंबरात मेस्सीचे आगमन झाले, तेव्हा देशातील सर्वोच्च फुटबॉल साखळी स्पर्धा महासंघ व व्यापारी भागीदार यांच्यातील करार संपल्यामुळे सुरूच झालेली नव्हती. व्यावसायिक खेळाडू मैदानाविना घरी बसले होते. पाहुण्याच्या वीस मिनिटांसाठी देशातील धनिक, पुढारी आणि प्रेक्षक यांच्या खिशांतून पैसा निघाला. यजमानाच्या हंगामासाठी निघेना. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, हे याहून अधिक अक्षरशः कसे घडावे?

आमच्या मध्य प्रदेशातील उदाहरण तर मासलेवाईक आहे. शहडोल जिल्ह्यात बिचारपूर नावाचे गाव आहे. ज्या वस्तीत दारूचे व्यसन माजले होते, तेथे रईस अहमद या शिक्षकाने मुलामुलींच्या पायांत चेंडू दिला आणि त्या गावाने कित्येक राष्ट्रीय पातळीचे खेळाडू दिले. ३० जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून त्या गावाचा गौरव केला तो ‘मिनी ब्राझिल’ या प्रचलित नावाने. हेतू चांगला होता, आणि त्या नावामुळे गावाकडे लोकांचे लक्ष गेले हेही खरे. परंतु मनास एक बोच राहून जाते. बिचारपूर हे बिचारपूर म्हणून मोठे का होऊ नये? पराक्रम आपल्या पोरांचा, अनवाणी पाय आपल्या पोरांचे, आणि किताब परक्या देशाचा! मुंबईच्या वानखेडे मैदानावर १४ डिसेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने तेरा वर्षांखालील मुलामुलींसाठी ‘प्रोजेक्ट महादेवा’ ही योजना मेस्सीच्या उपस्थितीत पुढे मांडली. योजना चांगली आहे. ती यशस्वी व्हावी अशी त्या महादेवाच्याच चरणी प्रार्थना. तथापि महाराष्ट्राच्या मुलांना चेंडू द्यावयास अर्जेंटिनाचा साक्षीदार लागावा, ही गोष्ट अभिमानाची म्हणता येणार नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की, ‘आपला संघ जिंकत नाही, मग आम्ही काय पाहावे? आणि एवढासा देश, एवढी गरिबी, यात जिंकणार तरी कसे?’ या युक्तिवादाचा पहिला भाग स्वार्थी आहे आणि दुसरा भाग खोटा आहे. उरुग्वेची लोकसंख्या सुमारे ३५ लाख. २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या एकट्या इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख होती. त्या एवढ्याशा देशाने १९३० व १९५० असे दोन विश्वचषक जिंकले. त्यांच्याकडे मुले अधिक नव्हती. मुलांचे सामने पाहावयास उभी राहणारी माणसे अधिक होती. राहिले ‘जिंकत नाहीत म्हणून पाहत नाही’ हे. वाचकहो, जो कुलदेवतेचे मंदिर पडके आहे म्हणून दुसऱ्याच्या सोन्याच्या कळसापुढे जाऊन नाचतो, त्यास आपल्याकडे भक्त म्हणत नाहीत. पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार कोणी करावयाचा असतो? ज्याचे कुलदैवत, त्यानेच.

दुसरे उत्तर अधिक मार्मिक आहे: ‘जेथे घरच्या संघावर निष्ठा आहे, तेथे तरी भांडणे कोठे थांबली?’ कोल्हापूरचे नाव यात प्रथम घेतले जाते. तेथे तालमींचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत. पेठेतली पोरे पेठेसाठी खेळतात आणि शाहू स्टेडियम त्यांच्या सामन्यांना भरते. त्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपल्या संघाकडून खेळला. त्याच स्पर्धेत दिल्लीच्या मैदानावर कोलंबियाने आपणांस २-१ असे हरविले; परंतु विश्वचषकातील भारताचा पहिला गोल जीक्सन सिंगने त्याच सामन्यात केला. कोल्हापुरातही समर्थकांची हुल्लडबाजी होते, दगड उडतात, पोलिसांना मध्ये पडावे लागते. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. मात्र एक भेद लक्षात घ्यावा. पेठेचा समर्थक आपल्या संघाचे नुकसान करतो तेव्हा त्याचे फळ त्यालाच भोगावे लागते: सामने बंद पडतात, शेजारचे पोर घरी बसते. म्हणून त्यास समजाविता येते. आज ना उद्या तो समजतो. जो परक्याच्या वतीने भांडतो त्याचे काहीच बुडत नाही, म्हणून त्यास समजाविण्यास काही जागाच उरत नाही. घरच्या भांडणास समेट असतो. उधार भांडणास नसतो.

आता कोणी विचारील की, आपण सांगता काय? सदरे जाळावे? मुळीच नाही. कोणी अर्जेंटिनाचा खेळ आवडीने पाहावा, कोणी ब्राझिलचा. सौंदर्यास सीमा नाहीत. आमचे म्हणणे इतकेच की, या प्रेमावर एक कर बसवावा, आणि तो ज्याने त्याने स्वतः बसवावा. ज्या मंडळाने चौकात परदेशी खेळाडूचा फलक उभारला, त्याने तेवढीच रक्कम गावच्या मैदानासाठी द्यावी: गोलाचे खांब, जाळी, दोन चेंडू, पंचाचा भत्ता. ज्याने विश्वचषकाच्या रात्री जागविल्या, त्याने जिल्ह्यातील शाळांचे दोन सामने तरी उन्हात उभे राहून पाहावे. ज्याच्या अंगावर दहा क्रमांकाचा सदरा आहे, त्याने आपल्या गावच्या संघात दहा क्रमांकावर कोण खेळतो याचे नाव सांगावे. सांगता आले नाही तर ब्राझिलवाल्या शेजाऱ्याशी भांडण्याचा त्याचा अधिकार त्या दिवसापुरता स्थगित समजावा.

आणि एक शब्द देवस्थानांच्या चालकांस. आपल्या बहुतेक मंदिरांपुढे पटांगण आहे. जत्रेचे चार दिवस ते फुलते, उरलेले वर्ष त्यात गाड्या उभ्या राहतात. कुस्तीचे आखाडे एके काळी देवळांच्याच आश्रयाने वाढले. चेंडूने काय पाप केले आहे? उत्सवाच्या खर्चात मुलामुलींच्या सामन्यांसाठी एक लहानसा रकाना काढावा. खेळणाऱ्या पोरांची नावे एका वहीत लिहावी, त्यांच्या आईबापांकडून वर्षाची अल्पशी वर्गणी घ्यावी आणि वर्षातून एकदा त्यांची सभा भरवून तीत त्यांना मत द्यावे. यात नवे काहीच नाही. जी व्यवस्था पालखीसाठी आपण शतकानुशतके चालविली, तीच मैदानासाठी चालवावयाची आहे. आमच्या समाजाजवळ वह्यांची उणीव कधीच नव्हती. त्यांत पोरांची नावे घालण्याची बुद्धी तेवढी हवी.

अर्जेंटिना आपल्या टाळ्यांवाचून जिंकलेला आहे आणि आपल्या टाळ्यांवाचून पुढेही जिंकेल. त्याच्या जयापजयात आपली टाळी मोजली जात नाही. परंतु गावच्या मैदानावर, जेथे काठावर जेमतेम वीस माणसे उभी असतात, तेथे एकविसाव्याची टाळी मोजली जाते. खेळणारे पोर मान वर करून पाहते की ती कोणी वाजविली. ‘आमचा’ म्हणण्याचा अधिकार त्या क्षणी मिळतो. तो सदऱ्याबरोबर बाजारात मिळत नाही.